कुणालाही त्रास न देणारा दिवा

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी विचारलंच तर सगळं तारीखवार हाताशी असावं.
दिवा तयार झाला. म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. खोलीत कुणी हललं की अंगाच्या उबेवर आपोआप लागतो, कुणी नसलं की विझतो. नोकरी सोडून यासाठीच घरी बसलो होतो. सर्किट अथपासून इतिपर्यंत माझं. एका हॉस्पिटलने प्रत्येक खाटेला एक घेऊ असं म्हटलंय. फक्त ईएमसी आणि सेफ्टी टेस्टचं सर्टिफिकेट मागितलंय. सेफ्टी म्हणजे शॉक बसता कामा नये. ईएमसी म्हणजे आपल्या यंत्राने शेजारच्या यंत्राला त्रास द्यायचा नाही आणि त्याने दिलेला मुकाट्याने सोसायचा. माझ्यासारख्या स्वभावाच्या माणसाला हे जमणारच.
संकल्प: महिनाअखेर सर्टिफिकेट.

६ फेब्रुवारी
प्रयोग म्हणून घरात प्रत्येक खोलीत एकेक दिवा लावला. बायको म्हणाली, बाबांनी कानाचं मशीन काढून ठेवलंय, त्यात सारखं गुरगुरतं म्हणतात. मी म्हटलं, मशीन जुनं झालं. ती म्हणाली, मागच्याच वर्षी घेतलंय. मग म्हटलं, कान जुने झाले. यावर ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.
बाबा खूप निवांत झालेत. जेवताना मी दिव्याची प्रगती सविस्तर सांगतो, ते भाजी चिवडत मान डोलावतात. मध्ये एकही प्रश्न नाही. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
बाबा आणि बायको हल्ली गॅलरीत बसतात. गॅलरीत दिवा नाही. तिथे बाबा मशीन लावतात आणि दोघं तासन् तास बोलतात. मोकळी हवा दोघांनाही मानवते असं दिसतं. मी आत सोल्डरिंग करत होतो. बाबांचं हसणं ऐकू आलं. कशाला हसले ते विचारायचं राहून गेलं.
संकल्प: रोज अर्धा तास बाबांपाशी बसायचं. उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
आज जमलं नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४
लॅबमध्ये पहिली टेस्ट. भली मोठी लोखंडी खोली, आतून भिंतींना फोमचे सुळे. मध्ये टेबल, टेबलावर माझा दिवा, समोर अँटेना. दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. आपण बाहेर काचेपलीकडे बसायचं. लॅबचा इंजिनिअर माझ्याहून बराच लहान, तोंडात 'सर' आणि हातात चहा.
निकाल: अपूर्व. स्क्रीनवरची त्रास मोजणारी रेघ मर्यादेच्या इतकी खाली की इंजिनिअरने चहा खाली ठेवला. म्हणाला, इतका शांत दिवा मी पाहिलेला नाही. मी नम्रपणे मान हलवली. घरी फोन करून सांगितलं. बायको म्हणाली, बरं.

१९ फेब्रुवारी
लॅबमधून फोन. इंजिनिअरला काही केल्या चैन पडेना म्हणून त्याने आतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. टेस्ट चालू असताना आत कुणी माणूस नसतो. माणूस नाही म्हणून दिवा विझला. आम्ही संपूर्ण दुपार बंद दिवा मोजत होतो.
यात दिव्याचा दोष नाही. त्याने त्याचं काम चोख केलं. तसं इंजिनिअरला सुनावलं.
सेन्सर बायपास करून पुन्हा टेस्ट घेतली. फेल. एका जागी नाही, सगळीकडे. इंजिनिअर म्हणाला, सर, तुमचं पॉवर सप्लायचं सर्किट फार गोंगाट करतंय. ते काढून बाजारातला सर्टिफाइड अ‍ॅडॅप्टर लावा. मी म्हटलं, सर्किट माझं आहे. तो म्हणाला, तेच म्हणतोय सर. पोरगा हुशार आहे, पण अनुभव कमी.
सहज म्हणून बाबांच्या मशीनचंही विचारलं. तो म्हणाला, गुरगुरणारच. याच दिव्यामुळे.
वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
ताई आली. बाबांशी बोलली, बाबा नुसते बघत राहिले. तिने मशीन शोधलं, बाबांना गॅलरीत नेलं, तिथे दोघांचं बोलणं झालं. मग आत येऊन बाबांची बॅग भरायला घेतली. मी म्हटलं, अगं, महिनाभरात दिवा पास होईल. ती म्हणाली, "तोवर बाबा माझ्याकडे राहतील. तुझ्या घरात त्यांना मुक्याबहिऱ्यासारखं बसावं लागतं, आणि तुला ते निवांत वाटतात."
बाबांनी निघताना विचारलं, घरातले दिवे काढणार का. मी म्हटलं, दिवा पास झाला की सगळं बदलणार. तेव्हा येतो, म्हणाले. म्हणजे त्यांचा आक्षेप निव्वळ तांत्रिक आहे. घरगुती काही नाही. जीव भांड्यात पडला.
बाबांची खोली रिकामी आहे. आत गेलं की दिवा लागतो.

५ मार्च
कामाचा धडाका. वायरीवर गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी चढवले. सर्किटला तांब्याची पट्टी गुंडाळली. बाहेरच्या धातूच्या डब्यापर्यंत मोठे कपॅसिटर टाकले, म्हणजे सगळा गोंगाट डब्यात जिरेल. दिव्याचं वजन थोडं वाढलंय. म्हाताऱ्या माणसांना उचलायचा नाहीच आहे.
बायको म्हणाली, पुसताना दिव्याला हात लावला तर झिणझिण्या येतात. मी म्हटलं, तुझी त्वचा नाजूक आहे. किती वर्षांनी कौतुक केलं, पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

१३ मार्च, गुरुवार
ईएमसी पास. काठावर का होईना, पास. सेन्सर बायपास केलेला, दिवा लागलेला, कॅमेऱ्यात स्वतः तीनदा पाहिलं.
सेफ्टी फेल. कपॅसिटरमुळे डब्यातून हाताला करंट. तांब्याच्या पट्टीमुळे हाय व्होल्टेजला ठिणगी उडाली, लॅबभर वास. गोंगाट आवरला तर शॉक बसतो, शॉक आवरला तर गोंगाट. इकडे आड, तिकडे विहीर. इंजिनिअरने पुन्हा अ‍ॅडॅप्टरचं नाव काढलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.
घरी येऊन बायकोला सांगितलं की झिणझिण्यांचं कारण सापडलं. तिने विचारलं, त्वचा नव्हे ना.

१६ मार्च, रविवार
ताईला फोन केला. मागे बाबांचा आवाज. मोठमोठ्याने काहीतरी सांगत होते, भाचे हसत होते. त्यांच्या पहिल्या नोकरीतला साहेब, त्याची विसरलेली टोपी, असं काहीतरी. ही गोष्ट मी कधी ऐकलेली नाही. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, अरे, दर आठवड्याला सांगतात, तुला कशी माहीत नाही.
बाबांना फोन दिला. मी त्यांना कपॅसिटरचा पेच समजावला. ते म्हणाले, बरं बरं, ठेवतो, जेवायचं आहे. दुपारचे चार वाजले होते. हवापालटाने भूक वाढलेली दिसते.
संकल्प: बाबा आले की ती टोपीची गोष्ट ऐकायची. मध्ये बोलायचं नाही.

२८ मार्च
मोठा निर्णय. स्वतःचं सर्किट काढून बाजारातला तयार, सर्टिफाइड अ‍ॅडॅप्टर लावला. कल्पना माझीच. लॅबवाल्याने ती आधी बोलून दाखवली, एवढंच.
सर्किट उचकटायला फार वेळ लागला नाही. बनवायला गेलेला वेळ मोजायचा नाही असं ठरवलं. आता दिव्यात माझं काय आहे, हा प्रश्न बायकोने विचारला. डबा, असं सांगितलं. मग आठवलं, डबाही तयारच घेतला होता. कल्पना माझी आहे.
राग, दुःख, काही नाही. टेबल आवरलं.

९ एप्रिल, बुधवार
पास. दोन्ही टेस्ट. रीतसर सर्टिफिकेट. इंजिनिअरने हात मिळवला. म्हणाला, सर, आता हा कुणालाही त्रास देणार नाही, एका कानाच्या मशीनशेजारीही ठेवून बघितलाय. मी त्याला माझ्या कार्यपद्धतीवर थोडं मार्गदर्शन केलं. त्याला अचानक दुसरं काम आठवलं. फार कामाचा बोजा आहे पोरावर.
हॉस्पिटलला कळवलं. बघू म्हणाले.
ताईला कळवलं. ती म्हणाली, बाबा येतील, शब्द दिलाय त्यांनी. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१३ एप्रिल, रविवार
बाबा आले. घरात सगळे नवे दिवे. बाबा मशीन लावूनच आत आले, सगळ्या खोल्यांतून हिंडले. गुरगुर नाही. बायकोला म्हणाले, काहीच आवाज येत नाही गं. तिने हळू आवाजात चहाचं विचारलं, त्यांनी हळू आवाजात हो म्हटलं. दोघांचं बोलणं थेट बैठकीच्या खोलीत झालं, गॅलरीत जावं लागलं नाही. मी हे सगळं काचेपलीकडे बसल्यासारखं पाहिलं. यश मिळालं की असंच बधिर वाटत असावं.
मग मी बाबांसमोर खुर्ची ओढली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. फेराइटच्या मण्यांपर्यंत पोचलो तोच बाबांचा हात कानाकडे गेला. मशीन काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं. मान डोलवायला लागले.
कुठला तरी दिवा बिघडलाय. उद्या शोधतो.

१४ एप्रिल, सकाळी १०
बैठकीतला दिवा काढला. बाबांनी मशीन लावलं, बायकोशी बाजाराचं बोलले. मी बोलायला लागलो. मशीन डबीत.
सगळे दिवे काढले. पुन्हा तेच.
शेवटी घराचं मेन स्विच पाडलं. पंखा बंद, फ्रिज बंद. घरात विजेवर चालणारं एकच यंत्र उरलं, बाबांच्या कानातलं, आणि ते बॅटरीवर. बाबा बायकोला टोपीची गोष्ट सांगत होते. मी दारात उभा राहिलो. गोष्ट संपेपर्यंत थांबणार होतो, पण साहेबाच्या ऑफिसात बेल होती म्हणाले, त्यावरून मला एक तांत्रिक मुद्दा सुचला आणि तो मी मांडायला लागलो. हात कानाकडे.
मी बाबांचा हात धरला. म्हटलं, बाबा, मेन स्विच बंद आहे. आता कसली गुरगुर?
बाबांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "दिव्याचं काही नाही रे. दिवा चांगला झालाय. तू बोलायला लागलास की मी काढतो. पहिल्यापासूनच काढतो. मशीन येण्याआधी ही सोय नव्हती."
रागाने नाही म्हणाले. पावसाळ्यात छत्री नेतो म्हणावं, तसं म्हणाले.

दुपारी १
मेन स्विच चालू केलं. दिवे परत लावले. सगळे उत्तम चालतात.
वाईट वाटलं. खूप वाटलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून बाबांच्या खोलीत गेलो. मशीन कानात होतं. मी काही न बोलता बसून राहिलो. बराच वेळ झाला, तरी त्यांनी ते काढलं नाही.