बोंडाच्या वाट्याचं पाणी

बाई,

किन्हवलीच्या शाळेत तुमच्या वर्गात बसलेल्या आम्हा सगळ्या मुलींचा आणि तुमचा राग एकच होता. आपल्या डोंगरांवर पडलेलं पाणी नळातून शहरात जातं, आणि आपण हंडा घेऊन वाट बघतो. तानसाचा तलाव भरला की तिकडे आनंद होतो, आणि इथे होळी झाली की बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरतात. तुम्ही विज्ञान शिकवायचात, पण बाष्पीभवनाचा धडा हे सांगितल्याशिवाय तुमचा पुढे जायचा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि राग होता तिथेच आहे, फक्त विहिरीच्या जागी आता टँकर आला. तोच राग घेऊन मी गावोगाव बोलते. मुरबाडला बोलते, शहापूरला तहसीलच्या पायरीवर बोलते, जयंतीच्या स्टेजवर बोलते. लोक टाळ्या वाजवतात. आणि या उन्हाळ्यात माझ्याच भाषणाने माझी कोंडी केली आहे, बाई. तुमच्या झाडापायी.

तुमचं झाड म्हणते खरी, पण ते मॉरिशस बेटावरच्या एका डोंगराचं. तिथल्या एका मराठी बोलणाऱ्या शिक्षिकेशी तुमचा पत्रव्यवहार होता. तिच्या पणजोबांना उसाच्या मळ्यात राबायला कोकणातून नेलं होतं. तिने तिच्या अंगणातल्या झाडाच्या बिया पाकिटातून पाठवल्या. तुम्ही त्या तळहातावर घेऊन बाकांमधून फिरलात आणि सांगितलंत की जगात हे झाड आपणहून फक्त त्या एकाच डोंगरावर उगवतं. तो डोंगर आपल्या माहुलीसारखा उभा सुळका, दगडही तसाच काळा, आणि मालकाकडून पळालेले गुलाम तिथे जाऊन लपायचे. फूल लाल, खाली तोंड करून लोंबणारं, म्हणून तिथले लोक त्याला कानातलं म्हणतात. आम्ही सगळ्या मुली आपापल्या कानांना हात लावून बघत होतो. माझ्या कानात तेव्हा कडुनिंबाची काडी होती.

आणि मग आपण त्या बिया पेरल्या कशा? भातासारख्या. दुसरं येत होतं कुणाला? तुम्ही मुरबाडकडच्या शेतकऱ्याची लेक, आम्ही सगळ्या चिखलात वाढलेल्या. शाळेमागच्या कोपऱ्यात आपण शेण पसरलं, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पाला, आणि घरी भाताच्या रोपासाठी भाजतात तसा राब भाजला. त्या राखेत बी टाकलं. उगवलं, म्हणून आपण खूश. रोपं बोटभर झाली तसं तुम्हीच म्हणालात, चला गं, आवणी करू. तुम्ही साडी खोचलीत. आपण रोपं उपटली, मुळांची माती पायावर आपटून झाडली, गवताच्या काडीने मुठी बांधल्या आणि चिखल करून ओळीने लावल्या. काम इतकं हातातलं होतं की कुणाला शंकासुद्धा आली नाही. चार दिवसांत सगळी रोपं आडवी झाली. दगडाच्या कडेला एकच रोप राहिलं, तेसुद्धा उपटायचं विसरल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यासमोर उभ्या आहात, हातात खडू नाही, पुस्तक नाही. तुम्ही म्हणता, "चूक माझी आहे. हे भात नाही. याचं मूळ हलवायचं नसतं. मी वाचायला हवं होतं, मी हाताच्या सवयीवर गेले." मोठं माणूस चूक झाली असं पोरांसमोर म्हणतं, हे आमच्या घरांत कुणी ऐकलं नव्हतं. आजही सभेत एखादा पुढारी हात झटकायला लागला की मला ते खडूविना उभं राहणं दिसतं आणि माझा आवाज चढतो.

त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी त्या उरलेल्या रोपावर बोलले. गुलामांच्या डोंगराचं झाड आपल्या मातीत उभं राहिलंय, ते वाकणार नाही, आपणही वाकायचं नाही, असलं काहीतरी. टाळ्या थांबेनात. माझं ते पहिलं भाषण. तुम्ही मला बाजूला बोलावलंत. मला वाटलं, शाबासकी. तुम्ही म्हणालात, छान बोललीस, आज त्याला पाणी कुणी घातलं? मी म्हटलं, आज माझी पाळी नव्हती बाई. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मी पाळी नाही विचारली." एवढंच. मी घरी जाईपर्यंत धुमसत होते. इतक्या टाळ्यांवर एका तांब्याचं पाणी ओतणारी ही कोण? मोठी झाले, खूप वाचलं, मोठमोठ्या वक्त्यांना ऐकलं. माझ्या बोलण्यात त्या दिवसाइतका अडथळा पुन्हा कुणी घातला नाही.

मग तुमची शहापूरची खोली. तुम्ही खाटेवर, आवाज खोल गेलेला. दाराशी अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात ते झाड, शाळेमागून मातीच्या गड्ड्यासकट उचलून आणलेलं, आता तुमच्यापेक्षा उंच. तुम्ही निरोप धाडलात म्हणून मी आले होते आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून बोलतच होते. तुम्ही मला मध्येच थांबवलंत आणि म्हणालात, हे घेऊन जा. मुळाशी पाणी साचू देऊ नको. मूळ हलवू नको. फूल आलं की वात फिरव. मी विचारलं, बी धरेल? तुम्ही म्हणालात, माझ्या हयातीत धरलं नाही, तुझं बघ. टेम्पो आला तेव्हा तुम्ही आतून हाक मारून सांगत होतात की शेंडा कपड्याने बांध, रस्त्यावर आंब्याच्या फांद्या खाली आल्यात. तुमचा माझ्याशी शेवटचा शब्द तो. मला राग आला होता. निरोपाचं काही बोलायचं सोडून शेंडा काय?

तेव्हापासून वात फिरवते आहे. फूल उलटं लोंबतं, म्हणून जमिनीवर बसून मान वर करून आत बघावं लागतं. आत लालसर मध साठलेला असतो. त्या बेटावर लहान हिरव्या पाली तो प्यायला येतात आणि त्यांच्या तोंडाला लागून पराग या फुलाचा त्या फुलात जातो. आपल्या भिंतीवरच्या पालींना किड्यांशी मतलब. मग देवघरात लावतात तसली कापसाची वात वळायची आणि पालीचं काम आपण करायचं. दरवर्षी फुलं आली, दरवर्षी गळली. फांद्या तोडून लावल्या, त्याही सुकल्या. एका झाडाने आपलेच पराग घेऊन काय करावं? मी आशा सोडली होती. आणि यंदा एका फुलाच्या मागे बोंड धरलं. भेंडीच्या कुळातलं झाड ना हे, बोंडही तसंच, पण आखूड आणि लवदार. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. सभेत दुसरा बोलत असला की मी मनाने अंगणात. बोंड आहे की गळलं?

आता कोंडी सांगते. गावाला लागून फार्महाऊस झालेत. टँकर गावासाठी म्हणून यायचा आणि वाटेत त्यांच्या हिरवळीवर अर्धा रिकामा व्हायचा. मी ग्रामसभेत उभी राहिले. असं बोलले की बसलेल्या बायका उभ्या राहिल्या. टँकरचं पाणी माणसाला आणि जनावराला. बांधकामाला नाही, बागेला नाही, झाडाला थेंब नाही. ठराव एकमताने झाला. मी पुन्हा उभी राहिले तरी तेच बोलेन, त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण घरी आले आणि पिंपासमोर उभी राहिले. बोंड बोराएवढं होतं. विहीर आटलेली. बोंड पोसायचं तर मूळ सुकून चालत नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. मी तांदळाचं धुवण घालायला लागले. साबण न लावता झाडाशेजारी आडोसा करून आंघोळ करायला लागले. तरी पानं खाली आली. बोंडाचा देठ पिवळा पडला.

माझी चुलत जाऊ शेजारीच राहते. शेरडं पाळते, कधी शाळेत गेली नाही आणि गावात कुणाला भीत नाही. तिने टँकरपाशी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गो, ठराव तुजा नं झाड पन तुजाच?" बायका हसल्या. मी म्हटलं, टँकरचा थेंब घालत नाही, धुवण घालते. ती म्हणाली, धुवण आमी शेरडांना पाजतो, तुजी शेरडं कुठं हायेत? मग मी बोलले. डोंगर, गुलाम, पाकिटातल्या बिया, तुम्ही, सगळं. हंडे भरायचे थांबले होते. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली, आणि माझं संपल्यावर तिने साधं विचारलं, म्हंजे त्याचं भावबंद तिकडं थोडंच राह्यलेत? मी म्हटलं, थोडेच. "नं हितं बी धरलाय?" मी म्हटलं, धरलाय. तेव्हा ती म्हणाली, "मंग रोज येका घरचा धुवन देतो आमी. येक दिस शेरडांना कमी. पन बी आमाला पन पायजे." मी विचारलं, काय करणार तुम्ही त्या बियांचं? तिला प्रश्नच कळला नाही. काय करू म्हंजे, ती म्हणाली, पेरू. राब भाजू नं पेरू.

बाकीच्यांनी मान हलवली, हे काय विचारणं झालं, अशी.

त्या दिवसापासून रोज कुणीतरी धुवण आणून ओततं. कधी पेजेचं, कधी भाजी धुतलेलं. ओतताना बायका वाकून बोंडाकडे बघतात, आपल्या गाभण शेळीकडे बघावं तशा. देठ पुन्हा हिरवा झाला. झाड त्यांनी वाचवलं, बाई, मी नाही. आणि मी मात्र आतून जळते आहे. बिया त्यांच्या हातात गेल्या की काय होणार, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शेण, फांद्या, राख, आवणी, आणि चार दिवसांत सगळं आडवं. मुंबईत एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे काचेचं घर आहे, ओल मोजणारी यंत्रं आहेत. त्यांना बिया पाठवल्या तर एखादी तरी नक्की जगेल. हे मी स्वतःला रोज समजावते. आणि समजावताना माझ्याच भाषणांतली वाक्यं माझ्या अंगावर येतात. ज्याने पाणी वाहिलं त्याचा हक्क, हे कोण ओरडत होतं मुरबाडच्या चौकात? बायांना समजत नाही म्हणून त्यांच्या वतीने शहाण्यांनी ठरवायचं, याच्याविरुद्ध तर सगळी हयात गेली माझी. जाऊला म्हटलं, भाजायचं तर भाजा, पण उपटू नका, जिथे उगवेल तिथेच राहू द्या. ती म्हणाली, बघू. या "बघू"वर जगातलं एवढं दुर्मीळ झाड सोपवायचं?

तुम्हाला विचारायचं होतं, तुम्ही सगळ्या बिया वर्गात का आणल्यात? थोड्या घरच्या कुंडीत का नाही लावल्यात? शिकलेल्या होतात, धोका कळत होता. इतक्या वर्षांत मी तुम्हाला मनात यासाठी दोष देत आले. आता कधीकधी वाटतं, वर्गात आणल्या नसत्यात तर माझ्या अंगणात आज ते पिंप नसतं, आणि त्या डोंगराचं नाव या गावात कुणाला माहीत नसतं. पण हेही मला पटवून घ्यायला बरं पडतं म्हणून वाटतं की खरंच तसं आहे, हे ठरवता येत नाही. तुम्ही असतात तर नुसतं चष्म्यावरून बघितलं असतंत, आणि मी चिडले असते, आणि काम झालं असतं.

बोंड तपकिरी झालं आहे. त्याच्या शिवणी उकलायला लागल्यात. मी त्याला तलम फडक्याची पुरचुंडी बांधली आहे, बी खाली सांडू नये म्हणून. जाऊने ती बघितली, काही बोलली नाही. ती काही बोलली नाही, याचाच मला धसका आहे. उद्याच्या पुढे हे ढकलता यायचं नाही.

हे कागद कुठे टाकणार? शहापूरची तुमची खोली पाडून तिथे मोबाईलची दुकानं झाली. कबूल करायचं एवढंच, बाई, की मैदान भरलेलं असलं तरी माझा घसा कधी बसला नाही, आणि टँकरपाशी म्हणायचं एक वाक्य सकाळपासून घरात फिरत पाठ करते आहे, ते अजून मोठ्याने म्हणता आलेलं नाही. इथे लिहून बघते. बायांनो, हंडे भरून झाले की माझ्या अंगणात या, पुरचुंडी सोडा आणि आपापल्या हाताने बी घेऊन जा.