माशाचं पाणी प्यालेला वेल

चांदा, १९५४. बुधवार, दिवेलागण.

आठ दिवसांची फिरती आटोपून सिरोंच्याहून आलो तर खोलीत माशाचा वास. खिडकीतल्या माझ्या वेलाला मात्र नवं पान! एटापल्लीच्या जंगलातून आणून पत्र्याच्या डब्यात लावला, त्याला पाच महिने झाले. माझ्या हातून एक पान फुटलं नाही. घरमालकीण सखूबाई तळ्यातले मासे विकते. मासे धुतलेलं पाणीच रोज तिनं डब्यात ओतलं म्हणे.

"बाई, या वासात झोपू कसा मी?"

"तुहं झोपणं होते कधी इथी? झाडाले विचार, त्याले काई त्रास नाई."

उद्या पुन्हा निघतो आहे, सूरजागडकडे. वेल सोबत नेणार होतो. पण कशाला? बैलगाडीच्या धक्क्यांत दोन दिवसांत मरेल. इथं ठेवला तर तिचा होऊन जाईल. हेच डोक्यात घोळतंय. ते पान चारदा उठून पाहिलं.

शेवटी डबा उचलून तिच्या चुलीजवळच्या खिडकीत ठेवून आलो.

"कधी नेशीन परत?"

"नेत नाई. पाहाले येईन."

ती खवले काढतच राहिली. मग म्हणाली, "जेवाच्या वेळेले येजो."