झुलमिराची फरशी

एश, लक्झेंबर्ग
१४ ऑक्टोबर १९८४

ती. ओतिलियाताईस,
झुलमिराचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. या खेपेला सुट्टी टाकून मी अदेरितोबरोबर त्याच्या ट्रकमधून हांबुर्गला आणि तिथून पुढे डेन्मार्कला जाऊन आले. नवरा घरी असतो तेव्हा घोरत असतो, म्हटलं निदान ट्रक चालवताना तरी त्याचं तोंड बघावं. दर देशात भाषा वेगळी, पाव वेगळा, पण जिने पुसायला सगळीकडे आपल्याच गावाकडच्या बायका. मीही इथे दिवसभर परक्यांच्या फरश्या पुसते, तेव्हा डोळ्यांसमोर गावातली माझी स्वतःची फरशी असते. त्यावरच माझे अकरा महिने निघतात.

आई दर शनिवारी आमचं बंद घर उघडून हवा देते ना? तिला सांग, जोडे दाराबाहेर, आणि सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही. ऑगस्टात आम्ही आलो तेव्हा त्यावर कुणीतरी बसल्याच्या खुणा होत्या. मी कुणाचं नाव घेत नाही. तुझी मुलं गुणी आहेत हे सगळा गाव सांगतो, विशेषतः तू.

आईला नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
झुलमिरा


व्हिलार सेको
४ नोव्हेंबर १९८४

चि. झुलमिरा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. डेन्मार्कचं ऐकून ती खूश झाली, आणि तिथे चेस्टनट मिळतात का, हे तिने तुला विचारायला सांगितलंय. इकडे चेस्टनट वेचून झाले, आता डुक्कर कापायच्या तयारीला लागायचं. सोफ्यावर माझा धाकटा बसला होता. त्याला मारलं, तेव्हा आता तुझ्या मनाला शांती मिळो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. परवाच्या वादळात आईच्या छपराचे दगडी कौलं सरकली, तीही नेमकी पलंगावरची. गवंडी म्हणतो, ओल्या दगडावर तो चढणार नाही, वसंतात बघू. आमच्याकडे दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि आई जावयाच्या दारात राहायला तयार नाही. तुझं घर रिकामं आहे, कोरडं आहे, तिथे घर गरम ठेवणारा बॉयलर आहे. ईस्टरपर्यंत आईला तिथे झोपू दे. किल्ली तिच्याच एप्रनच्या खिशात असते, पण तुझा होकार आल्याशिवाय ती तिथे रात्र काढणार नाही. ती कशी आहे ते तुला ठाऊक आहे.

उलट टपाली होय लिहून पाठव. अदेरितोला आशीर्वाद. धाकटी आहेस, हट्ट माझ्याशी कर, आईशी नको.
तुझी ताई,
ओतिलिया


माल्मो, स्वीडन
२५ नोव्हेंबर १९८४

ती. ओतिलियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा ट्रकमधूनच लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. इथे काय थंडी आहे म्हणून सांगू. पण आत शिरलं की घाम फुटतो. काल एका गोठ्यापाशी माल उतरवला, तिथे गाईंनासुद्धा गरम हवा सोडतात. अदेरितो म्हणाला, पुढच्या जन्मी स्वीडनची गाय व्हायचं. आम्ही खूप हसलो.

आईचं वाचलं. ताई, तूच विचार कर. ती तिथे गेली की बॉयलरला हात लावणार नाही, चूल मागेल, मग धुरात सॉसेज टांगेल आणि माझ्या पांढऱ्या भिंती तिच्या स्वयंपाकघरासारख्या होतील. ऑगस्टात सगळा गाव घर बघायला येतो, त्यांना मी काय दाखवू? शिवाय म्हातारं माणूस एकदा घरात शिरलं की ईस्टरला त्याला बाहेर काढणार कोण, तू? तिचं सगळं आयुष्य त्या छपराखाली गेलंय, तिला सवय आहे. पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवा.

हा एवढा भाग आईला वाचून दाखवू नकोस. बाकीचं, गाईंचं वगैरे, तिला आवडेल. चेस्टनट इथे मिळत नाहीत म्हणावं.

मला दुष्ट ठरवून मोकळी होऊ नकोस, आहे तसा जीव लाव.
तुझी,
झुलमिरा


व्हिलार सेको
२० जानेवारी १९८५

चि. झुलमिरा हीस,
आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र मी आईला सगळं वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नसलं तरी पानं मोजता येतात, हे तू विसरलीस. एखादं पान लवकर उलटलं की ती माझा हात धरते. ऐकून म्हणाली, झुलमिराचं बरोबर आहे, धुराने भिंती काळ्या होतातच. पलंग सरकवला. पाणी दुसऱ्या भिंतीवरूनही येतं.

गेल्या शनिवारी ती नेहमीप्रमाणे तुझ्या घरी गेली. खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, खिडक्या लावल्या, आणि दाराला कुलूप घालते तोच पावसाने तिला गाठलं. सोबत वारा आणि गारा. शेजारच्या झेफेरिनाने खिडकीतून हाका मारल्या, परत आत जा म्हणून. आई म्हणाली, नुकती पुसली आहे, माझे पाय ओले आहेत. तुझ्या बाल्कनीखाली ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली. मी शोधत गेले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि किल्ली मुठीत होती.

तेव्हापासून ताप आहे, छातीत कफ आहे. डॉक्टर येऊन गेला. त्याने छपराकडे बघितलं आणि म्हणाला की औषध मी देईन, पण हिला आधी कोरड्या खोलीत हलवा. मी तिला उचलून न्यायला निघाले तर तिने पलंगाची कड सोडली नाही. तुझा शब्द हवा म्हणते. गावातल्या कॅफेत फोन कर, तार कर, काहीही कर. मी आजवर तुला टोमणे मारले असतील, आता पाया पडते.
तुझी ताई,
ओतिलिया


एश
२९ जानेवारी १९८५

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र वाचून रडले. अदेरितोलाही दोन घास गेले नाहीत. पण इतक्या तापात माणसाला गारठ्यातून हलवणं वेडेपणा आहे, हे डॉक्टरला कळायला हवं. ती जिथे आहे तिथेच ऊब दे, कोबीचं गरम सूप पाज. आमची पुन्हा स्वीडनची फेरी ठरली आहे, मला निघणं अवघड आहे.

देव न करो, पण काही बरंवाईट झालंच, तर दफनाआधीच्या रात्री तिला माझ्या मोठ्या खोलीत ठेव. तिथे सगळा गाव मावेल. सोफ्यावरचं प्लास्टिक काढ, बॉयलर लाव, झुंबर पेटव. आपली आई बेवारशासारखी गेली असं कुणी म्हणायला नको. आणि खोलीचा एक फोटो काढून घे.

तुझ्यावर सगळा भार पडतो हे मला कळतं. मला अंतर देऊ नकोस.
तुझी,
झुलमिरा


व्हिलार सेको
१० फेब्रुवारी १९८५

झुलमिरा,

तुझं पत्र आलं तेव्हा आई जिवंत होती, शुद्धीवर होती. पाकीट बघितल्यावर तिचा चेहरा उजळला. मी पानं लपवणार होते, पण तिने हात धरला. म्हणून सगळं वाचलं, फोटोपर्यंत. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण खरं सांगते, थोडं बरंही वाटलं, की तू कशी आहेस हे तिने एकदा नीट ऐकलं.

तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, झुंबर वगैरे नको. एवढी माणसं चिखलाचे पाय घेऊन येतील, झुलमिराची फरशी खराब होईल. मला इथेच ठेवा.

मंगळवारी ती गेली. तिच्या शब्दाप्रमाणे तिला तिच्याच खोलीत ठेवलं. पाऊस होता. पलंगाभोवती बादल्या होत्या, तिच्या चेहऱ्यावर पाणी पडू नये म्हणून माझा नवरा रात्रभर छत्री धरून उभा होता. सगळा गाव आला. पाद्रीबाबांनी विचारलं, गावात झुलमिराचं एवढं मोठं घर असताना हिला इथे का ठेवलं? मी आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते ऐकून झेफेरिना तेवढी उठून बाहेर गेली.

ऑगस्टात या. घर बघायला कोण येतं ते मला ठाऊक नाही.

किल्ली सोबत पाठवते आहे. शनिवारी खिडक्या उघडायला आता कुणी नाही. माझा लोभ मागू नकोस, तो त्या पलंगावरच भिजला. तुझ्या फरशीची मात्र काळजी करू नकोस. ती कोरडी आहे, आणि तिच्यावर कुणीही पाय ठेवलेला नाही.

ओतिलिया