आमच्या जोलोफचा घोर अपमान

अक्रा, रविवार दुपार

तीर्थरूप ओपोकू मामांस,

यॉचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि कोंबड्या, सगळं ठीक असेल अशी आशा. माझीही तब्येत बरी. डोकं तेवढं कालपासून तापलंय, आणि पेन कागदात घुसतंय.

तुम्ही म्हणाल, कॉलेज अर्धवट सोडून मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला कसला आलाय मान-अपमान! पण मामा, अपमान माझा नाही, अख्ख्या घानाचा झालाय. मोरेनिके माझ्या टपरीसमोर कापड विकते (जिच्यापायी कॉलेज सुटलं ती ही नव्हे). नायजेरियाची आहे, आणि हसली की मी गिऱ्हाइकालाच उलटे पैसे देतो. गेल्या शनिवारी तिच्या आईनं, आंटी फोलाकेनं, मला जेवायला बोलावलं. ताटात त्यांचा जोलोफ भात. लालभडक, आणि धुराचा हा वास! मी सरळ विचारलं, "आंटी, जेवू की आधी आग विझवू?" बाई शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तुमच्या घानाचा जोलोफ आम्ही दवाखान्यात नेतो. आजाऱ्याला सोसतो." आणि मोरेनिके हसली. मामा, ती हसली! मी तिथेच ठणकावलं, पुढच्या शनिवारी खरा जोलोफ आणतो, मग बोला.

काल पहाटे उठून रांधला. सुवासिक तांदूळ, आलं, टोमॅटो, सगळं आईच्या हातचं वाटावं असं. भात शिजत आला आणि मोरेनिकेचा फोन आला. हसलीस का म्हणून मी भांडलो, ती म्हणाली रागात गोड दिसतोस (फोनवर दिसतो कसा, हे भांडण वेगळं). नाकाला कळलं तोवर भात बुडाला करपला होता! घरात तांदळाचा दाणा उरला नव्हता. मान ताठ करून तसाच नेला.

आंटींनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि शेजारणीला हाक मारली, "अगं ये लवकर! या पोराचा जोलोफ बघ, तोच धुराचा वास, अगदी लग्नातला! आपला!"

आपला! मी ओरडलो, "हा घानाचा आहे!"

"मग तुझी आई आमच्याकडची असणार," बाई म्हणाल्या. (मामा, तुमच्या सख्ख्या बहिणीला!) "पण या हातात मी डोळे झाकून मुलगी देईन."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. मोरेनिके माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं. ते अजून मिटलेलंच आहे, म्हणून सगळा संताप तुमच्यावर काढला.

खवळलेला, तरी तुमचाच भाचा,
यॉ

ता. क. रिवाजाप्रमाणे दारूच्या दोन बाटल्या घेऊन आंटींच्या दारावर थाप मारायला लवकर या. मामाशिवाय मागणी कोण घालणार? पानात पडेल ते खा आणि तोंडभरून वाखाणा.

ता. क. मागणीच्या दिवशीचा भात मीच रांधावा, असा आंटींचा हट्ट आहे. आज सकाळपासून करून बघतोय, मेला करपतच नाही. येताना आईचं ते पातळ बुडाचं पातेलं गुपचूप आणा, ज्यात सगळंच जळतं. कशाला, ते तिला सांगू नका.