गोळीआधीचं रक्त

३ मार्च, सकाळी ८.४०
फिटच्या गोळीची लेव्हल बघायला रक्त दिलं. लॅबवाली म्हणाली, ‘सकाळची गोळी घेतली नाहीत ना?’ रक्त गोळीच्या आधी द्यायचं असतं म्हणे. पण विचारण्याची पद्धत! कॉलेजच्या दीड वर्षात कुणी माझी इतकी चौकशी केली नव्हती. सोडलं तेच बरं केलं.

५ मार्च
लेव्हल किंचित कमी. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा. नॉर्मल आली की मग थेट सहा महिन्यांनी.
सहा महिने! मरून जाईन.
निर्णय: नॉर्मल येऊ द्यायची नाही. गोळी एक दिवसाआड. सगळं माझ्या कंट्रोलमध्ये आहे.

२० मार्च
तिने पुन्हा विचारलं. ‘नाही घेतली,’ म्हणालो. शंभर टक्के खरं. परवापासून घेतलेली नाही.
‘हात सैल सोडा,’ म्हणाली. सोडला. जन्मभरासाठी.
मग रांगेत माझ्या मागच्या आजोबांनाही तिने तेच विचारलं. त्याच आवाजात! कसली गोळी म्हणून मी त्यांना दरडावून विचारलं. म्हणाले, हृदयाची. डोकंच फिरलं. बाकाला लाथ घातली. अंगठा सुजला. बर्फ तिनेच आणून दिला. यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं मुलीने?

२२ मार्च
लेव्हल आणखी खाली. डोस वाढवला. आता आई समोर उभी राहून गोळी देते. ‘गिळलीस का रे?’ एकवीस वर्षांच्या माणसाला! गोळी गालात धरायला जमतं. नंतर बेसिनमध्ये.

५ एप्रिल, सकाळी ७
आज सांगणारच. चार वाक्यं पाठ केली. दोन विसरलो. हात थरथरतोय, तोंडाला पितळेसारखी चव. प्रेमात होतं असं. आई हट्टाने बरोबर येतेय. येऊ दे, सून बघेल.

६ एप्रिल
हॉस्पिटल. जीभ चावली गेलीय, बोलता येत नाही.
लॅबच्या दारातच फिट आली. आई म्हणाली, ‘त्या पोरीने धावत येऊन तुझं डोकं मांडीवर घेतलं, तुला कुशीवर वळवलं. देवासारखी बसून राहिली बघ.’
मांडीवर!
कागदावर लिहून विचारलं, माझ्याकडे कशी बघत होती?
‘तुझ्याकडे कुठे रे, घड्याळाकडे बघत होती. फिट किती वेळ चालली ते डॉक्टरांना सांगायला.’
साडेचार मिनिटं.
मला एकही आठवत नाही.