एकशे एकाहत्तर

मंगळवार, १२ मार्च

ठकूबाईंना दादाचे आशीर्वाद, मागितले नसले तरी.

तुझं पत्र मिळालं. आठ महिन्यांत पहिलं, आणि त्यातही खुशाली दोन ओळी आणि गणित दोन पानं! तू काही सुधारणार नाहीस. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते. तुझ्या वहिनीने शिवणाचा क्लास लावलाय आणि माझ्या चांगल्या शर्टाची वाट लावलीय. वेल्डरकाका अजूनही चहा आला की चष्मा शोधायला लागतात.

गॅरेज जोरात चालू आहे. ताकद मोजायच्या रोलरच्या मशीनवर रोज एखादी तरी गाडी चढते. लोक हौसेने फोटो काढतात. मशीन मीच चालवतो, हे तुला माहीतच आहे.

तू कुठल्याशा शोरूममध्ये सीटकव्हर विकतेस हे आईकडून कळलं. काम हलकं आहे, बसून आहे, हात काळे होत नाहीत. बरंच झालं म्हणायचं. बरं म्हणजे अगदी बरं नव्हे, पण वाईट तरी काय त्यात?

आता तुझा प्रश्न. "दादा, त्या दातांच्या डॉक्टरच्या गाडीत माझं कुठे चुकलं?" अकरा वेळा मांडून पाहिलंस म्हणतेस. मीही काल पुन्हा मांडलं. इंजिन मुळात एकशे तीस हॉर्सपॉवरचं. बाहेरच्या हवेचा दाब पंधरा पौंडांच्या आसपास, टर्बो वरून आणखी दहा कोंबणार, म्हणजे हवा दोन तृतीयांश जास्त. एकशे तीसमध्ये सत्त्याऐंशी मिळवले की दोनशे सतरा. दाबलेली हवा तापते, तापली की पातळ होते, म्हणून सतरा वजा. दोनशे. बॉनेटवर हात ठेवून, कागद न घेता, तू तेच सांगितलंस. आणि मशीनने दाखवले एकशे एकाहत्तर.

मशीन नवीन होतं, कधीकधी चुकतं, असं लिहून मी हे पत्र संपवणार होतो. तसं एक पत्र लिहिलंही. मग फाडलं.

मशीन चुकलं नव्हतं, ठकू. तूही चुकली नव्हतीस. रोलरवर चाकं फिरतात, म्हणून मशीन चाकांपर्यंत पोचलेली ताकद मोजतं. इंजिनातून निघालेल्या ताकदीतली शेकडा पंधरा गिअरबॉक्स, दांडे आणि टायरच खाऊन टाकतात. दोनशेचे पंधरा टक्के किती होतात, ते तुला मी काय सांगायचं? तुझा आकडा एका हॉर्सपॉवरच्या फरकाने बरोबर होता.

हे मला नंतर कळलं, असंही एक पत्र लिहिलं होतं. तेही फाडलं.

मशीन आलं तेव्हा तीन दिवस शिकायला बाबांनी मला पाठवलं होतं, आठवतं? पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला हे शिकवलं होतं. माझ्या वहीत त्याच्याखाली दोन रेघा आहेत.

तू त्या दिवशी बरोब्बर तेच विचारलंस. सगळे हसत होते, डॉक्टर म्हणत होता, "काय मॅडम, तीस घोडे कुठे पळाले?" आणि तू कोणाकडे न बघता मला विचारलंस, "दादा, हा आकडा इंजिनचा की चाकांचा?"

मी म्हणालो, "इंजिनचा. दुसऱ्या कशाचा असणार?"

बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अंदाजपंचे दाहोदरसे नको आपल्याला. इंजिन जुळवायचं काम यापुढे थोरला बघेल, तू फोन घे." तू फोन घेतला नाहीस. पिशवी घेतलीस.

का केलं, विचारशील. जळलो म्हणून, दुसरं काय! तू बारा वर्षांची असल्यापासून बाबा कुठल्याही गाडीवर हात ठेवून तुला विचारायचे, "बोल ठके, किती?" तू सांगायचीस आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी गाडीखाली असायचो. मला त्यांनी कधी "किती?" विचारलं नाही. मला म्हणायचे, "पाना दे." सोळा वर्षं मी पाना दिला, गं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्याकडे बघून खरं काय ते विचारलं. तीन दिवसांच्या शिकवणीवर मी तुझ्यापेक्षा शहाणा ठरलो. ते मला इतकं गोड लागलं, की तू फाटकाबाहेर पडेपर्यंत तोंड उघडलं नाही. आणि नंतर उघडायचं कसं, ते सुचेना. हे खोटं आहे. सुचत होतं. उघडायचं नव्हतं.

तू रागावून लिहिलं असतंस तर मी आणखी आठ महिने गप्प बसलो असतो. पण तू मलाच विचारलंस. स्वतःची चूक शोधून द्यायला मलाच! माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला कोणी सांगितलं होतं तुला?

आज सकाळी मशीनपाशी सगळे होते तेव्हा सांगून टाकलं. वेल्डरकाका तोंडात बोट घालून उभे. बाबांनी एवढंच विचारलं, "तेव्हाच माहीत होतं तुला?" मी हो म्हणालो. मला वाटलं, कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी साबण लावून हात धुतले, दोनदा धुतले, आणि म्हणाले, "मशीन तिचं. तिला शिकव. मी उद्या आणायला जातो."

हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. ते माफीबिफी मागणार नाहीत, तुला ठाऊक आहे. दारात उभे राहून गाडीबद्दल काहीतरी विचारतील. तू "नाही येत" म्हणालीस तर तो तुझा हक्क आहे, आणि मग त्यांना मान खाली घालून परतताना मलाच बघावं लागेल.

मला हलकं वाटायला हवं होतं. पण आत्ता त्यांनी फाटकावर पाटी लावली. "उद्या पूर्ण दिवस बंद." माझ्या लग्नाला अर्धाच दिवस बंद होतं, ठकू. पाटी वाचली आणि पुन्हा तीच आग. बघ, असा आहे मी.

ये. मी जळेन, त्याला इलाज नाही. पण तू विचारशील ते खरं सांगेन.

तुझा,
म्हणत असशील तर,
दादा