चाळीस खुणा

सोमवार, ३
चाळीस डिस्का! एकेक चालत्या मशीनमधून ओढायची, दिवा विझेपर्यंत ताटकळायचं, परत बसवायची, कागदावर खूण करायची. का, तर आमच्या चष्मेवाल्या इंजिनीअर पोरीला मशीनचा कोड, म्हणजे आतली लिखापढी, साफ करायचाय. 'ही डिस्क मशीन चालू असताना काढता येते' असं म्हणे आत दोन-दोन ठिकाणी लिहिलंय. फ्लॅग म्हणतात त्याला. त्यातला एक तिनं इथल्या मशीनवर काढून बघितलाय, तरी डिस्का निघतात का ते मी तपासायचं. म्हटलं, राहू दे की, खायला मागतोय का? तर म्हणे, "मावशी, एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की एक ना एक दिवस त्यातली एक खोटं बोलते." चौथी शिकलेल्या बाईला शिकवते! चहा तिनंच आणून दिला, ते सोडा.

मंगळवार, ४
बत्तीस झाल्या. उरलेल्या आठ अगदी खालच्या फळीत, जुन्यापान्या. गुडघे ठणकतायत. बत्तीस चालल्या, मग या काय आभाळातून पडल्यात? केल्या खुणा. चाळीस.
ती म्हणाली, "सगळ्या काढून पाहिल्या ना?" हो म्हटलं. तोंड वर करून.

बुधवार, १२
एका गिऱ्हाईकानं जुनी डिस्क ओढली आणि अख्खं मशीन बसलं. तीन दिवसांचं काम गेलं त्यांचं. जुन्या डिस्कांचं म्हणे एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं — नेमकं तिनं काढलं तिथंच. खालच्या फळीतल्या आठही तसल्याच जुन्या. एक जरी ओढली असती तरी इथंच कळलं असतं.

गुरुवार, १३
साहेब सगळ्यांदेखत तिला बोलले. "न तपासता दिलंस?" मी तिथंच, हातात डिस्क. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी आपली डिस्क पुसत राहिले! एरवी माझी जीभ अख्ख्या चाळीला पुरून उरते.

शुक्रवार, १४
नवरा म्हणतो, आज कुणाशी भांडली नाहीस, बरी आहेस ना?

सोमवार, १७
तिला घरी बसवलं. साहेबांनी मलाच सांगितलं, तिचं टेबल आवर. खणात मशीनचा कागद सापडला. किती डिस्का निघाल्या ते मशीन स्वतःच मोजतं, मला काय ठाऊक! बत्तीस. न काढलेल्या आठांभोवती पेन्सिलीचे गोल. कागदावर तारीख १२.
म्हणजे गुरुवारी बोलणी खाताना तिला सगळं माहीत होतं.

मंगळवार, १८
दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले, माझा आणि मशीनचा. म्हटलं, खोटा माझा. मला काढायचं तर काढा. पण तिला परत कधी बोलावताय, ते शुक्रवारपर्यंत मला सांगा.